पुढचं रक्त नागपुरालाच दे

स्टुटगार्ट, २३ नोव्हेंबर

प्रिय आई,

बाबांना साष्टांग नमस्कार. फोनवर तू "बरं आहे गं" म्हणून विषय बदलतेस, म्हणून लिहिते आहे. दादाकडून वाचून घे.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, स्वेटरही घालते. या आठवड्यात जिन्याची पाळी माझी. इथे दारावर एक पाटी अडकवतात. ती आपल्या दारावर आली की आठवडाभर जिना आपण झाडायचा, पुसायचा. स्वच्छ असला तरी! मग पाटी शेजारच्या दारावर. एकदा माझं राहून गेलं, तर खालच्या आजी वर आल्या आणि पाटीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. तू कुणी न सांगता पहाटे सडा घालतेस, ते आठवलं.

दादानं रिपोर्टचा फोटो पाठवला. सीए १५-३ चाळीसवरून चोपन्न झाला म्हणून तू दोन दिवस जेवली नाहीस म्हणे. आई, स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीतल्या पेशींतून रक्तात उतरणारं एक प्रथिन असतं, ते त्यात मोजतात. नव्या गोळ्यांना महिनाच झालाय. औषध लागू पडत असतानाही पहिले ४ ते ६ आठवडे तो आकडा चढू शकतो. लिव्हरच्या त्रासानंही चढतो. शिवाय मागचं रक्त नागपूरला दिलं होतं, हे तालुक्याला. लॅब बदलली की आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. एका रिपोर्टवर डॉक्टर औषध बदलत नाहीत. लागोपाठ वाढतोय का ते बघतात, स्कॅन करतात, तुला तपासतात. आणि आकडा कमी आला तरी कंबर दुखत असेल तर सांगायचं. लपवायचं नाही.

दादा म्हणतो, तिथं बसून सांगणं सोपं आहे. खरं आहे त्याचं. पण मी हे डॉक्टरांना फोनवर विचारूनच लिहिते आहे.

गाडीभाडं वाचवायला तालुक्याला गेलात, हे मला कळलं. तीस हजार पाठवलेत, ते फक्त तुझ्या तपासण्यांचे. बाबा, त्यासाठी कापूस घाईनं विकू नका.

मावशीनं आणलेल्या मुलाशी मी बोलेन, नंबर पाठवा. पण "माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे" असं पुन्हा म्हणू नकोस गं.

दिवाळीला आले नाही. मार्चचं तिकीट काढलंय. तेव्हाचं रक्त द्यायला नागपूरच्या एसटीत तुझ्याशेजारी मी बसेन. दादाला सुट्टी.

तुझी,
लेक