बापूस पत्र: उन्हात पळणाऱ्या पोरांबद्दल

प्रिय बापू,

काय भो, कसा आहेस? काल बाजारात तुझी आई भेटली, म्हणे पुण्यात पंख्यावर भागतं अजून, बरंय बाबा. इकडे एप्रिल संपायच्या आत पारा ४४ वर गेलाय, अकरानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. फोनवर तुला अर्धवट सांगितलं होतं ते आज नीट लिहितो, त्या दिवसापासून डोक्यातून जातच नाहीये.

तुला माहितीये मी भरतीच्या पोरांना पळवतो. मागच्या गुरुवारी संध्याकाळी पाचला, म्हणजे उन्हं उतरली असं आपण म्हणतो तेव्हा, सोळाशे मीटरची ट्रायल होती. त्यातला एक पोरगा दिवसभर केळीच्या गाड्या भरतो आणि तसाच ग्राउंडवर येतो. तिसऱ्या राउंडला तो वाकडातिकडा पळायला लागला. मी ओरडलो, अरे थांब, तर मला म्हणतो "सर, अर्धी गाडी राहिली अजून". आणि पडलाच. टीशर्ट वर केला तर आत प्लॅस्टिकचा रेनकोट, फटफटीवर घालतात तो, मनगटाला रबरं लावून बंद केलेला. कोणीतरी मोबाईलवर दाखवलं होतं म्हणे, घाम जास्त आला की चरबी जळते. रबर काढलं तर बाहीतून धार लागली रे पाण्याची, माती ओली झाली, आणि अंग तर तव्यासारखं तापलेलं.

जमलेले लोक सांगत होते, सावलीत झोपवा, कांदा हुंगवा, थंड पाणी लावू नका सर्दगरम होईल. मी कोणाचं ऐकलं नाही. ग्राउंडच्या मागे गुरांचा हौद आहे त्यात दोघातिघांनी त्याला गळ्यापर्यंत बसवला, डोकं मी धरून ठेवलं, बाकीची पोरं बोअरच्या पाण्याच्या बादल्या ओतत होती. दहा-बारा मिनिटांनी त्याने स्वतःचं नाव बरोबर सांगितलं. मग रिक्षात घालून दवाखान्यात नेला. वाचला. पण कागदावर काय लिहिलं माहितीये? अशक्तपणा, चक्कर. उन्हाचं नावच नाही त्यात.

त्या रात्री मला लाझारो आठवला. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो, सुतारकाम करायचा, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकला मॅरेथॉन पळायला गेला. त्या दिवशी तिथे पारा ३२ च्या आसपास होता. ३२ म्हणजे आपल्याकडे सकाळचे नऊ, पण भर दुपारी ४० किलोमीटर पळायचं असेल तर ३२ पण पुरतात. तर उन्हाने कातडी भाजू नये म्हणून गड्याने अंगाला मेण चोपडलं होतं. घामाला वाटच नाही राहिली. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कोसळला, दुसऱ्या दिवशी गेला. आधुनिक ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये पळताना पडून गेलेला तो पहिला माणूस. बापू, त्याचं मेण आणि आमच्या पोराचा रेनकोट यात मला काडीचा फरक वाटत नाही. शंभर वर्षं झाली वरती आणि आपण अजून तिथेच.

त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी होता. त्यालाही ऊन लागलं, पण तो मधेच थांबला, रस्त्याकडेच्या एका घरच्यांनी त्याला बागेत बसवून प्यायला दिलं, आणि हा लाजून कोणाला न सांगता मायदेशी निघून गेला. १९६७ ला स्वीडनवाल्यांनी त्याला बोलावून राहिलेली शर्यत पूर्ण करून घेतली, वेळ लागला ५४ वर्षं आणि काही महिने. नव्वदी पार करून गेला तो. मी पोरांना आता लाझारोच्या आधी कानाकुरी सांगतो, कारण थांबायला लाजतात रे ही पोरं, घरी सगळ्यांचे डोळे भरतीकडे लागलेले असतात.

१९६० ला रोममध्ये पण असंच. डेन्मार्कचा सायकलवाला क्नुड एनेमार्क येन्सेन, २३ वर्षांचा, १०० किलोमीटरची टीम रेस, भयंकर ऊन. चक्कर येतेय म्हणाला तर जोडीदारांनी दोन्हीकडून धरून त्याला चालवत ठेवलं, हात सुटला आणि डोक्यावर पडला. वरून नेऊन ठेवला तापलेल्या तंबूत. शवविच्छेदनात उष्माघात निघाला, पण पुढे लोक वर्षानुवर्षं उत्तेजक गोळ्या-औषधांचंच बोलत बसले, ऊन मागे पडलं.

वर्ल्डकप-ऑलिम्पिकभोवती मेलेले अजून कितीतरी आहेत, म्युनिकला १९७२ मध्ये अतिरेक्यांनी मारलेले ११ इस्रायली खेळाडू-प्रशिक्षक, १९९४ ला सेल्फ गोलनंतर दहा दिवसांनी गोळ्या घातलेला कोलंबियाचा फुटबॉलवाला आंद्रेस एस्कोबार. पण ते माणसांनी मारले, सगळ्या जगाने पाहिलं. उन्हाने मेलेल्याची नोंदच धड होत नाही, त्याने माझा जीव जास्त जळतो.

कतारचंच बघ. २०२२ चा फुटबॉल वर्ल्डकप खेळाडूंना ऊन सोसणार नाही म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरला नेला. बरोबरच केलं. पण ती स्टेडियमं, रस्ते, मेट्रो बांधणारे आपले लोक, नेपाळी, बांगलादेशी, ते दहा उन्हाळे तिथेच होते ना? ब्रिटनच्या गार्डियन पेपरने २०२१ मध्ये छापलं की वर्ल्डकप मिळाल्यापासून दहा वर्षांत भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका इथले साडेसहा हजारांवर कामगार तिथे मेले, त्यात भारतीय २,७११. आता हे सगळे स्टेडियमवरचे नव्हते, सगळ्या कामांवरचे मिळून आकडा आहे, ते मान्य. आयोजक म्हणायचे स्टेडियमच्या कामात फक्त तीन, मग २०२२ च्या नोव्हेंबरात त्यांचाच प्रमुख मुलाखतीत चारशे ते पाचशे बोलून गेला. खरी मेख कागदात आहे. बहुतेकांच्या दाखल्यावर "नैसर्गिक मृत्यू" नाहीतर "हृदय बंद पडलं", शवविच्छेदन नाहीच. माझा मावसभाऊ होता ना तिकडे सळई बांधायला, तो सांगतो की संध्याकाळी शर्ट काढला की पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे, आणि त्याच्या खोलीतला एक तिशीच्या आतला पोरगा रात्री जेवून झोपला तो उठलाच नाही. हृदय काय सगळ्यांचंच बंद पडतं रे मरताना, ते कशाने बंद पडलं ते लिहा ना! आणि कारण लिहिलं नाही तर त्याच्या घरच्यांनी भरपाई मागायची कशाच्या जोरावर?

२०२१ ला कतारने नियम कडक केले, १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते साडेतीन उघड्यावर काम बंद, आणि ऊन, दमटपणा, वारा सगळं धरून मोजणारं जे मीटर असतं त्याचा आकडा ३२.१ च्या वर गेला की कुठल्याही वेळी बंद. उशिरा केलं, पण नियम चांगला आहे, तो मी इकडे आणणार आहे.

तर बापू, तुझ्याकडे काम आहे. तसलं मीटर पुण्यात कुठे मिळतं बघ, हातात धरायचं छोटं असतं, पैसे मी टाकतो. सरावाची वेळ पहाटे साडेचारची केलीय, हौद घासून रोज भरून ठेवतो, आणि ट्रायलच्या आधी प्रत्येकाचा टीशर्ट वर करून बघतो. तो पोरगा काल येऊन बसला होता कट्ट्यावर, डॉक्टरने महिनाभर पळू नको सांगितलंय, जूनमध्ये ग्राउंड आहे त्याचं. काही बोलला नाही, बाकीच्यांचे राउंड मोजत होता. तू येशील तेव्हा बोल त्याच्याशी, तुझं ऐकतील पोरं.

आईने पापड दिलेत तुझ्यासाठी, शनिवारच्या ट्रॅव्हल्सने पाठवतो.

तुझाच,
दादू