ओव्हरटेकच्या लेनमध्ये ठाण मांडणारे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बहुपदरी महामार्गावर दुभाजकालगतची लेन ओव्हरटेकसाठी असते. पुढची गाडी मागे टाकायची आणि आपल्या लेनमध्ये परत यायचे, एवढेच तिचे काम. वाहतूक डावीकडून चालणारा देश असो की उजवीकडून, यात फरक पडत नाही. तरीही शेजारची लेन रिकामी असताना तिथेच ठाण मांडून बसणारे चालक सर्रास दिसतात, आणि त्यातल्या बहुतेकांना आपले काही चुकते आहे असे वाटतच नाही. बेफाम वेगाबद्दल खूप लिहिले जाते, ते योग्यच आहे. मला मात्र शांतपणे वाट अडवणाऱ्यांबद्दल लिहायचे आहे.

त्यांचे म्हणणे ठरलेले असते : मी वेगमर्यादेत आहे, माझ्यापुढे जाणारा नियम मोडणारच, मग साइड का द्यायची? ऐकायला हे पटते. पण दुसऱ्याच्या वेगावर पहारा ठेवणे हे आपले काम नव्हे, आणि मागचा माणूस कोणत्या घाईत आहे हे आपल्याला ठाऊक नसते. शिवाय वाट मिळाली नाही म्हणून तो गप्प बसत नाही. तो चुकीच्या बाजूने घुसतो, ट्रकचालकाला आरशात न दिसणाऱ्या ब्लाइंड स्पॉटमधून निसटतो आणि आपल्यासमोर कट मारून पुन्हा त्याच लेनमध्ये येतो. म्हणजे ज्याला आवरायला निघालो, त्यालाच आपण जास्त धोकादायक करून सोडतो. जर्मनीत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. तिथे ऑटोबानवर, म्हणजे द्रुतगती महामार्गावर, वाहतूक सुरळीत असताना उजवीकडून ओव्हरटेक करायला मनाई आहे, आणि ओव्हरटेक झाला की उजव्या लेनमध्ये परतणेही बंधनकारक आहे. हे दोन्ही नियम एकमेकांच्या आधाराने उभे आहेत. पुढे जाणारा एकाच बाजूने येणार याची खात्री असली की कोणत्या आरशावर जास्त लक्ष ठेवायचे ते ठरते. ब्रिटनमध्ये तर २०१३ पासून विनाकारण मधली लेन अडवणाऱ्यालाही पोलिस जागच्या जागी दंड करू शकतात.

मागून चिकटून डिपर मारणाऱ्याची बाजू मी घेत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. पुढचे ब्रेक लाइट दिसून आपला पाय ब्रेकवर पडेपर्यंतच साधारण सेकंद जातो. म्हणून किमान दोन सेकंदांचे, म्हणजे ५५ मीटरच्या आसपास अंतर हवे. पाच मीटरवर येऊन साइड मागणाऱ्याने स्वतःसाठी सुटकेची वाटच ठेवलेली नसते.

अवजड वाहनांचे गणितही पाहावे. ताशी ८० ने चाललेल्या ट्रकला दुसरा ट्रक ८२ ने ओव्हरटेक करू लागला, तर दोन्ही ट्रकची लांबी आणि पुढचे-मागचे अंतर मिळून शंभर मीटर कापायला त्याला तीन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात चार किलोमीटर रस्ता मागे पडतो आणि मागे गाड्यांची रांग लागते. एवढ्याशा फरकासाठी लेन बदलू नये, आणि बदललीच तर मागे पडणाऱ्या ट्रकच्या चालकाने क्षणभर अ‍ॅक्सिलरेटर सोडावा. त्याचे त्यात काहीच जात नाही.

दर दोन मिनिटांनी लेन बदलणारे हा वेगळा प्रकार. शेजारची लेन नेहमी पुढे सरकते असे त्यांना वाटते. रेडेलमायर आणि तिब्शिरानी या संशोधकांनी १९९९ साली ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात याचा उलगडा केला आहे. आपण पुढे जातो तेव्हा शेजारच्या गाड्या दाटीने उभ्या असतात, त्या झटपट मागे पडतात. त्या आपल्यापुढे जातात तेव्हा विरळ असतात, त्यामुळे तो वेळ लांबतो. दोन्ही लेनचा सरासरी वेग सारखा असला तरी आपणच मागे पडतो आहोत असे वाटत राहते. त्या भासापायी इंडिकेटर न देता गाडी आत घालायची, मग मागच्याने ब्रेक दाबायचा, त्याच्या मागच्याने आणखी जोरात. जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या गोल मार्गावर २२ गाड्या एकसारख्या वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. कोणीही लेन बदलली नाही, कुठे अडथळा नव्हता, तरी थोड्याच वेळात कोंडी तयार झाली आणि मागे मागे सरकत राहिली. हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. वेगातले बारीक चढउतारही मागे जाताना वाढत जातात, मग अचानक घुसलेल्या गाडीने काय होत असेल?

आपल्या वृत्तपत्राला दोन विनंत्या आहेत. अपघाताच्या बातमीत ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढ्यावर न थांबता कोणते वाहन कोणत्या लेनमध्ये होते, लेन कोणी बदलली, हे पोलिसांना विचारून छापावे. आणि वाहन परवान्याच्या चाचणीत उमेदवाराला एकदा तरी बहुपदरी रस्त्यावर नेऊन मुख्य प्रवाहात मिसळणे, ओव्हरटेक करणे आणि परत येणे तपासले जावे, ही मागणी आपण लावून धरावी.

आपला,
एक वाचक