ओढून काढलेला जार आणि उलटणाऱ्या गाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुधाला लिटरमागे किती दर मिळावा, या विषयावरील वाचकांची पत्रे आपल्या दैनिकात नेहमी येतात. मीही मोहोळ तालुक्यात नऊ गाई सांभाळणारा दूध उत्पादक असल्याने दरवाढीची मागणी मला मान्यच आहे. परंतु गेल्या चार वर्षांच्या वह्या काढून अलीकडे हिशेब मांडला, तेव्हा दर पडल्यामुळे बुडाले त्याहून जास्त पैसे गाई वेळेवर गाभण न राहिल्याने बुडाले, असे निघाले. याविषयी कोणी लिहीत नाही. कदाचित गाईच्या गर्भाशयाविषयी चारचौघांत बोलणे आपल्याला अवघड वाटत असावे.

गाईपासून वर्षाला एक वेत मिळायचे तर वेळ फार थोडा असतो. ती सुमारे 280 दिवस गाभण असते. वर्षातून तेवढे वजा केले की 85 दिवस उरतात आणि त्यांतले 40 ते 45 दिवस गर्भाशय पूर्ववत होण्यात जातात. माज 21 दिवसांनी येतो, म्हणजे हाती फार तर दोन माज. ते वाया गेले की पुढे प्रत्येक उलटण्यामागे, म्हणजे भरवूनही गाभण न राहता गाय पुन्हा माजावर येण्यामागे, तीन आठवड्यांची वैरण, पेंड आणि मजुरी अंगावर पडते. गाय उलटण्याची कारणे अनेक आहेत, आणि आपल्या सोलापूरचे ऊन हे त्यांतले लहान कारण नव्हे. पण जे कारण आपण आपल्या हाताने गोठ्यात आणतो, त्याबद्दल मला लिहायचे आहे.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात माझी तिसऱ्या वेताची संकरित गाय रात्री व्याली आणि सकाळपर्यंत जार, म्हणजे वासरामागून पडणारी वार, पडला नाही. लोंबत्या जाराला आम्ही आधी जुनी चप्पल बांधून पाहिली, हे लिहिताना आज लाज वाटते. मग अशा कामासाठी गावात ज्यांना बोलावतात, त्या गृहस्थांना बोलावले. त्यांनी बाही सरसावली, कोपरापर्यंत तेल लावले आणि उघडा हात आत घालून अर्ध्या तासात जार तुकड्यातुकड्यांनी ओढून काढला. वर चार गोळ्या आत ठेवल्या. ज्या बादलीत त्यांनी हात विसळले, तीच बादली संध्याकाळी कालवडीपुढे पाण्याला ठेवली गेली. तिसऱ्या दिवशी गाईने वैरण सोडली, मायांगातून विटकरी रंगाचे, पातळ आणि घाण वासाचे पाणी गळू लागले आणि चौदा लिटरवरचे दूध पाचावर आले. गाय वाचली, परंतु पुढे पाच वेळा उलटली आणि अखेर मी ती विकली. घेणाऱ्याला सर्व हकीकत सांगूनच विकली, हेही नमूद करतो.

यात नेमके काय चुकले, ते नंतर एका पशुवैद्यकांनी समजावले. गर्भाशयाच्या आत बटणांसारखे शंभरेक उंचवटे असतात आणि जार त्यांना धरून असतो. तो सुटण्याआधी ओढला की अस्तर सोलले जाते. ई. कोलाय, ट्रुपेरेला, फ्युजोबॅक्टेरियम यांसारखे जिवाणू व्यायल्यानंतर बहुतेक गाईंच्या गर्भाशयात शिरतातच, आणि निरोगी गाय त्यांना आपणहून बाहेर टाकते. सोललेल्या अस्तरात मात्र ते घर करतात. म्हणून 12 तासांत जार पडला नाही तरी ओढू नये, फक्त लोंबणारा भाग स्वच्छ कात्रीने कापावा आणि पहिले दहा दिवस रोज थर्मामीटर लावून पाहावे. ताप 103 अंश फॅरनहाइटच्या वर गेला किंवा गाय वैरणीवरून उठली, तर पशुवैद्यकाकडून इंजेक्शन द्यावे. एरवी जार बहुधा आठ-दहा दिवसांत सडून आपोआप सुटतो. दिसायला ते किळसवाणे असते खरे, पण सोसावे.

पहिले दोन-तीन आठवडे तांबूस, फारसा वास नसलेली घाण जाणे स्वाभाविक असते, तिला घाबरून औषधे करू नयेत. तीन आठवड्यांनंतरही पू येत असेल, किंवा माजावरचा सोट (चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ नसून त्यात पांढरे कण दिसत असतील, तर गर्भाशयाला सूज आहे असे समजावे आणि त्या माजाला गाय भरवू नये. रेतनाची कांडी वाया जाते ती जातेच, शिवाय आतली घाण ढवळली जाते. प्रतिजैविक दिलेल्या गाईचे दूध सांगितलेले दिवस केंद्रावर घालू नये, हे आपण सारे जाणतो. किती जण पाळतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

याहून गंभीर बाब ब्रुसेलोसिसची, म्हणजे ब्रुसेला जिवाणूमुळे गर्भ पडणाऱ्या रोगाची आहे. पाचव्या ते आठव्या महिन्यात गाय गाभडली की आपण पाय घसरला, शिंग लागले, दृष्ट लागली असे म्हणून मोकळे होतो आणि जार उकिरड्यावर टाकतो. तिथून तो कुत्री गावभर ओढत नेतात. या रोगाची गाय बहुधा एकदाच गाभडते. पुढच्या खेपेस ती दिवस भरून विते, घरचे म्हणतात बरी झाली, आणि ती मात्र दुधातून व जारातून जंतू टाकत राहते. हा रोग माणसालाही होतो. चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम आणि सांधेदुखी घेऊन माणूस हिवताप किंवा टायफॉईड समजून उपचार करत फिरतो. तालमीतल्या पोरांना धारोष्ण दूध पाजण्याचे कौतुक आपल्याकडे मोठे आहे. ते आता थांबवावे आणि दूध उकळूनच द्यावे. गाभडलेल्या गाईला हातमोज्याशिवाय हात लावू नये आणि जार व मेलेले वासरू चुना टाकून खोल पुरावे.

यावर लस आहे. ती 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदाच देतात. नर वासरांना आणि गाभण जनावरांना देत नाहीत. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत आहे. अडचण अशी, की चार महिन्यांची ही संधी कधी येते आणि कधी जाते, हे शेतकऱ्याला कळतच नाही. सांगोल्याच्या बाजारात आपण दात मोजतो, कास दाबून पाहतो, पण कानातल्या 12 अंकी बिल्ल्यावर या लसीची नोंद आहे का, हे एकही जण विचारत नाही.

दूध संकलन केंद्रे फॅटसाठी रोज नमुने घेतात. त्याच केंद्रांवर ठरावीक काळाने एकत्रित दुधाची ब्रुसेलासाठी रिंग टेस्ट (दुधावरून रोगाचा माग काढणारी चाचणी) केली, तर कोणत्या गावात रोग आहे याचा अंदाज कमी खर्चात येईल आणि मग तेवढ्याच गोठ्यांतील गाईंचे रक्त तपासावे लागेल. जिल्ह्यातील दूध संघांनी आणि पशुसंवर्धन विभागाने हे मनावर घ्यावे. लसीकरणाच्या तारखाही ग्रामपंचायतीच्या फलकावर आधी लावाव्यात. माझ्या गोठ्यातल्या दोन कालवडी पुढच्या महिन्यात चार महिन्यांच्या होतील. आमच्या गावात लस कोणत्या दिवशी येणार, हे मला अजून कोणी सांगू शकलेले नाही.

आपला,
एक दूध उत्पादक
ता. मोहोळ, जि. सोलापूर