नाना, ती खोली तापली बरं का

नाना, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि लगेच केळीच्या भावावर जाता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, आता बसा वाचत. इथे भुसावळात सकाळी दहालाच अंगणात पाय ठेववत नाहीये आणि मी कूलरसमोर बसून थंडीची गोष्ट लिहितेय, हसायचं तर हसा.

जानेवारीत आम्ही दोघं लेकीकडे होतो, बॉस्टनजवळ. घर जुनं. भिंतीच्या कडेकडेने जमिनीलगत पत्र्याची लांबच लांब पेटी, आत तांब्याचा पाइप, त्याला अॅल्युमिनियमच्या पातळ पातळ पाकळ्या, तळघरातल्या बॉयलरचं गरम पाणी त्यातून घरभर फिरतं आणि परत बॉयलरला जातं. बेसबोर्ड म्हणतात त्याला. सगळं घर उबदार, फक्त गॅरेजवरच्या खोलीत हीटिंगच नव्हतं आणि नेमकी तीच आम्हाला. आम्ही येणार म्हणून जवाईबापूंनी दिवाळीपासून शनिवार-रविवार घालून स्वतः १२ फूट बेसबोर्ड बसवला, मेन पाइपात दोन टी (तीन तोंडांचे जोड) टाकून एकीतून पाणी वर न्यायचं, दुसरीतून परत आणायचं. झालं, हौसेने चालू केलं, घर तापलं आणि आमची खोली गार ती गारच. बाहेर उणे १२. ह्यांचे गुडघे तुम्हाला माहितीच आहेत, दोन रजया आणि वर माझी शाल घेऊन माणूस रात्रभर "सावद्याला चला" करायचा. तिथल्या एका प्लंबरने बघून सगळं उखडून नव्याने करावं लागेल म्हणून सांगितलं, आणि आकडा असा की आपल्याकडे जुना ट्रॅक्टर आला असता!

मग लेकीने तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे नऊ, तुमचे सकाळचे साडेसात, हातात चहाची बशी. दीपनगरला २१० मेगावॅटच्या युनिटवर बॉयलर सांभाळलेला माणूस, मला वाटलं आता काय काय अवघड विचारतील. तुम्ही म्हणालात, "हात लावा." टीच्या आधी लावा, टीच्या पुढे लावा, आता वर जाणाऱ्या पाइपला लावा. मेनला दोन्हीकडे चटका, वर जाणारा नुसता कोमट.

तुम्ही काय बोललात ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "जवाईबापू, जोडांना डाग काय सुरेख मारलेत, एक थेंब गळत नाही. पण पाणी आळशी असतं. समोर सरळ वाट मोकळी असताना ते वर चढून फिरून कशाला येईल?" आणि मग मला, "वहिनी, खालच्या तुकड्याचा कॉक सताड उघडा ठेवला तर तुमच्या वरच्या केळीला ड्रीपचं पाणी पोचतं का?" घ्या! तीस वर्षं मळ्यात हेच बघतेय आणि आठ दिवस त्या खोलीत कुडकुडताना डोक्यात आलं नाही.

दोन टीच्या मधल्या पाइपात कॉक टाका म्हणालात, थोडा थोडा आवळत जा. पूर्ण बंद करायचा नाही, नाहीतर सगळं पाणी त्या गार खोलीतूनच जाईल, पुढच्या खोल्यांना निवलेलं मिळेल आणि गॅरेजच्या छतात लाईन गोठली तर अख्ख्या घराचं हीटिंग बसेल. तो पाइप आधी गुंडाळून घ्या, हेही तेव्हाच सांगितलंत. जवाईबापूंनी रविवारी बॉयलर बंद करून, निवू देऊन, पाणी उतरवून कॉक बसवला. चालू केलं. तरी गार.

ह्यावेळी तुम्ही फोन पाइपजवळ धरायला लावला आणि तिकडे डोळे मिटून बसलात. आम्ही सगळे गप्प, नातू पण गप्प. गुळगुळ... गुळगुळ. "हवा आहे," म्हणालात. सगळ्यात उंच जागा तीच ना, मळ्यात उंचावर एअर व्हॉल्व का ठेवतो आपण! पंप थांबवून टोकाचा बारीक स्क्रू सैल केला, फुस्स झालं, थुंकल्यासारखं झालं आणि मग काळं पाणी आलं, ते लेकीच्या पांढऱ्या टॉवेलवर (तिने अजून माफ केलेलं नाही).

काळं पाणी बघून जवाईबापू म्हणाले सगळं काढून ताजं भरतो, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. ताज्या पाण्यात ऑक्सिजन असतो, तो बॉयलरचं लोखंड खातो, जुन्या पाण्यातला संपलेला असतो, प्लांटमध्ये पाणी बॉयलरला द्यायच्या आधी त्यातला वायू काढतात. कमी झालंय तेवढंच भरा, थंड असताना दाबाचा काटा १२ ते १५ पीएसआयमध्ये राहू द्या. तासाभराने मी त्या पत्र्यावर हात ठेवला आणि काढून घेतला, इतका गरम! रात्री टिक टिक वाजायला लागलं तर ह्यांना वाटलं उंदीर. तांबं तापून लांबतं आणि लाकडाला घासतं, हेही तुमच्याकडूनच कळलं, भोक जरा मोठं केल्यावर थांबलं.

पण नाना, खोली तापली त्याहून मला वेगळंच बरं वाटलं. तुमच्या फोनआधी आठ दिवस जवाईबापू आमच्याशी नजर मिळवत नव्हते, सासू-सासऱ्यांना थंडीत झोपवलं म्हणून. तुम्ही चूक सांगायच्या आधी त्यांच्या डागांचं कौतुक केलंत ना, त्या रात्री ते पोटभर जेवले.

उरलेल्या बेसबोर्डचा वीतभर तुकडा तुमच्यासाठी बॅगेत घालून आणलाय. एअरपोर्टवर बॅग उघडायला लावली, दोघांनी उलटसुलट करून बघितला, मला काही धड सांगता येईना, शेवटी "नानांसाठी" म्हटलं. चार-पाच पाकळ्या वाकल्यात. रविवारी घेऊन येते, आमरसाला आंबे पण आणते, मांडे मात्र वहिनींच्या हातचे हवेत.