अण्णांचा दगड सपाट करू का?

ठाणे,
रविवार, पितृपक्ष

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीनंतर मी तुला एकही पत्र लिहिले नाही, आणि मधल्या काळात फोनवर जे बोललो ते सगळे पावसापाण्याचे होते. याची बोच मनात आहे. आज लिहायला बसलो त्याचे कारण माझ्यासमोर टेबलावर आहे. अण्णांचा वस्तऱ्याला धार लावायचा दगड, त्याच्या माथ्यावर मी शिसपेन्सिलीने ओढलेल्या उभ्या-आडव्या रेघा, आणि शेजारी काचेवर पसरलेला २२० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात घासायचा पॉलिशपेपर. रेघा ओढून आज तीन दिवस झाले, पण दगड कागदावर टेकवायला हात धजत नाही. विचारावे असे तुझ्याखेरीज कोणी उरलेले नाही.

प्रकृती ठीक आहे, साखर ताब्यात आहे, गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो तेवढाच.

जुलैमध्ये मी वस्तरा घेतला. ब्लेड अडकवायचा नव्हे, अखंड पात्याचा. सोलिंगेनचा, पाच सूत रुंदीचा, दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेल्या पात्याचा, कार्बन स्टीलचा. अण्णा ज्याला ‘जर्मनचा माल’ म्हणत आणि दुपारच्या गिऱ्हाइकाला ज्याचा शिक्का उजेडात धरून दाखवत, ते हेच गाव. १९३८ पासून तिथे कायदाच आहे, की त्या भागात न बनलेल्या पात्यावर त्या गावाचे नाव कोरता येत नाही. अण्णांना हे कळले असते तर त्यांनी जांभळी नाक्यावरच्या प्रत्येक माणसाला थांबवून सांगितले असते. अंगठ्याच्या नखाने पाते हलकेच छेडले तर ते बारीक आवाजात वाजते. तो आवाज ऐकला आणि मला तुमचे दाढी-कटिंगचे दुकान आठवले, साबणाच्या आणि तुरटीच्या वासासकट.

विकणाऱ्याने वस्तरा दाढीसाठी तयार आहे असे सांगितले होते. तो तयार नव्हता. पहिल्याच दिवशी गालावर ठेवला तेव्हा केस कापले जाण्याऐवजी ओढले जाऊ लागले. मी तो पुसून बाजूला ठेवला आणि रबाळ्याच्या कारखान्यातल्या टूलरूममध्ये गेली सव्वीस वर्षे जे करतो तेच केले, म्हणजे आधी मोजमाप घेतले. पाठीची जाडी ४.६ मिलिमीटर, पाठीपासून धारेपर्यंत १६ मिलिमीटर, म्हणजे धारेचा कोन साधारण साडेसोळा अंश. या हत्यारात मला सगळ्यांत सुंदर वाटते ती हीच गोष्ट. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवायची, की कोन आपोआप धरला जातो. त्यासाठी ना फिक्स्चर लागते ना साइन बार. लहानपणी आपण अण्णांचा हात बघायचो आणि समजायचो की सगळी जादू मनगटात आहे. अर्धी जादू त्या पाठीत होती.

मग मी तीन जपानी पाण्याचे दगड आणले, १०००, ४००० आणि ८००० चे, आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. धारेच्या उतारावर काळ्या मार्करची शाई लावली आणि १००० च्या दगडावर वजन न देता चालवत राहिलो. टाचेपासून टोकापर्यंत दोन्ही बाजूंची शाई एकसारखी जाईपर्यंत पुढच्या दगडाला हात लावला नाही. त्यात दोन संध्याकाळी गेल्या. इथे घाई केली तर पुढचे दगड काही करू शकत नाहीत. ते फक्त आधीच्या दगडाचे ओरखडे बारीक करत नेतात, नसलेली धार ते आणणार कुठून? हाताची लव पात्याला जेमतेम शिवताच तुटू लागली तेव्हा ४००० वर गेलो, मग ८००० वर, आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर पन्नास वेळा. ‘दगडावर धार पुढं, पट्ट्यावर पाठ पुढं’ हे अण्णांचे वाक्य मी त्या वेळी मोठ्याने म्हणत होतो आणि आमची मंडळी स्वयंपाकघरातून विचारत होती, की कोण आले आहे. (पट्ट्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, आठवीत असताना अण्णांच्या पट्ट्याला जो चर पडला तो तूच पाडलास. वस्तरा धारेवर उलटवलास तू, आणि दुकानाबाहेर उभे राहावे लागले मला. यावर मी आजही ठाम आहे.)

त्यानंतरच्या दाढीत ओढाताण नव्हती. केस सहज कापले जात होते, पण कातडीवर एक करकरीतपणा जाणवत होता आणि मानेवर लाली राहिली. तेव्हा मी कपाटातून अण्णांचा दगड काढला. वस्तऱ्याचा शेवटचा हात त्यावर फिरवायचा, हे खरे सांगायचे तर वस्तरा विकत घेतानाच मनात होते.

तो हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी जे झाले ते नीट लिहितो, कारण तुला ते लगेच समजेल. गरम पाण्याने चेहरा धुतला, फेस केला, कातडी वरच्या बाजूला ताणून पाते तीस अंशांत धरले आणि कल्ल्यापासून खाली आलो. टोकाजवळचा भाग आणि टाचेजवळचा भाग असा फिरत होता, की फेस बाजूला होतो आहे एवढेच कळावे. पाते वाजत नव्हते, कातडीला कळत नव्हते, आणि मागून बोट फिरवले तर काही लागत नव्हते. पण पात्याचा मधला इंचभर भाग जिथे गेला तिथे तोच आदल्या दिवशीचा करकरीतपणा. सुलट हाताने असे, उलट हाताने तर हनुवटीखाली स्पष्टच. एकाच वस्तऱ्याला दोन धारा असल्यासारखे. शेवटी तुरटी फिरवली तेव्हा फक्त त्या मधल्या पट्ट्यांवर चुरचुरले.

पुन्हा शाई लावली आणि अण्णांच्या दगडावर पाते दहा वेळा सरळ ओढले. दोन्ही टोकांची शाई गेली, मधली तशीच राहिली. मग दगडावर स्टील पट्टी आडवी ठेवून फट मोजायचे फीलर गेज घातले. मधोमध ०.३५ मिलिमीटरची पाती आरामात आत जाते. दगड खोल गेला आहे, दिनू. नवे सरळ पाते त्याच्या दोन कडांवर टेकते आणि मध्ये अधांतरी राहते.

तुझ्याकडे अण्णांचा शेवटचा वस्तरा आहे, तो खिडकीशी धरून बघ. धार पोटाशी गोल झालेली दिसेल. तो त्या खड्ड्यात बरोबर बसत असणार. दोघे एकमेकांना झिजवत एकमेकांच्या आकाराचे झाले आहेत, आणि मी मध्ये तिसराच घेऊन आलो आहे.

टूलरूममधला माणूस म्हणून उत्तर मला माहीत आहे. रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड पेपरवर घासायचा, सगळ्या रेघा एकसारख्या गेल्या की माथा सपाट झाला. अर्ध्या तासाचे काम आहे आणि दगड उत्तम आहे. दोन्ही टोकांनी जी दाढी केली तिची तोड माझ्या नव्या दगडांत नाही. पण तो खड्डा अण्णांच्या हाताचा आहे. रेघांसोबत तोही जाईल, आणि पांढुरक्या पाण्यात वाहून गेलेले परत आणता येत नाही. दगड उलटा करून खालची बाजू वापरावी असेही मनात आले होते, परंतु तो सागाच्या खोक्यात लाखेने बसवलेला आहे आणि ते खोके अण्णांनी स्वतः कोरलेले आहे.

आता मूळ प्रश्न. मला एक आठवण आहे. खंडेनवमीचा दिवस, दुकान बंद, कात्र्या-वस्तरे पाटावर मांडलेले, आणि अण्णा पायरीच्या कडाप्प्यावर वाळू टाकून काहीतरी गोल गोल घासत आहेत. तू तांब्याने पाणी ओततो आहेस. तो खरखर आवाज मला आत्ता ऐकू येतो, पण हातात काय होते ते दिसत नाही. तो दगड होता का? दर वर्षी होता का? असेल, तर अण्णा स्वतःच दगड सपाट करत होते आणि हा खड्डा शेवटच्या वर्षांचा आहे, तू नाशिकला गेल्यानंतरचा, त्यांचे मनगट धरू लागल्यानंतरचा, जेव्हा हात लांबवर जात नसेल आणि मधल्या मध्येच फिरत असेल. अर्ध्या ब्लेडचे वस्तरे दुकानात आल्यावरही ते स्वतःची दाढी जुन्याच वस्तऱ्याने करत, हे तुलाही माहीत आहे. त्या वर्षांत मी इथे होतो, चरईत, दहा मिनिटांच्या अंतरावर. एकाही खंडेनवमीला मी पाणी ओतायला गेलो नाही. दुकान रिकामे करताना तू म्हणाला होतास, ‘दगड न्यायला बरा आलास.’ तेव्हा मला राग आला होता आणि मी उलट बोललो होतो. तू म्हणालास ते खरे होते.

ऋतुजाचा बारावीचा क्लास लागला का? नाशिकमध्ये चांगले वर्ग आहेत असे ऐकतो, फीची काळजी करू नकोस, अडले तर निःसंकोच सांग. वहिनींचे मोतिबिंदूचे काम दिवाळीआधी उरकून घ्या. तुझ्या बदलीचे काय झाले ते पुढच्या पत्रात लिही.

वस्तरा रोज पुसून, खनिज तेलाचा हात देऊन ठेवतो. इथल्या दमट हवेत एका रात्रीत तांबूस ठिपका धरतो. तोवर ८००० च्या धारेवर चालवीन. दगडाला मात्र तुझे उत्तर येईपर्यंत हात लावणार नाही. तू ‘नको’ म्हणालास तर आहे तसा फडक्यात गुंडाळून ठेवीन. ‘हो’ म्हणालास तर खंडेनवमीला सकाळी करू. जमले तर आदल्या रात्रीच ये. तांब्या मी काढून ठेवतो.

तुझा,
सुधीर