रविवारची मेइजी जिंगू भेट : थोडं आधी वाचून ठेवा

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी टोकियोतलं मेइजी जिंगू हे शिंतो देवस्थान पाहायला जायचं आहे. सकाळी ९ वाजता हाराजुकू स्थानकाजवळच्या पहिल्या तोरीपाशी, म्हणजे देवस्थानाच्या कमानीपाशी, जमायचं आहे. उशीर झाला तर गट थांबणार नाही, मागून यावं.

तोरीखालून जाताना थोडं वाकून नमस्कार करावा आणि वाटेच्या कडेने चालावं, मधली वाट देवाची मानतात. आत दिसणारं दाट रान मुद्दाम लावलेलं आहे, देशभरातून लोकांनी दिलेल्या सुमारे १ लाख झाडांचं. देवस्थान १९२० सालचं. १९४५ च्या बाँबहल्ल्यात मुख्य वास्तू जळाली, १९५८ मध्ये ती पुन्हा उभी राहिली.

हात धुण्याच्या जागी गर्दी करू नका. उजव्या हातात पळी धरून आधी डावा हात, मग उजवा. चूळ भरायची ती डाव्या ओंजळीत पाणी घेऊन. पळीला तोंड लावायचं नाही! शेवटी पळी उभी धरावी, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून तो धुतला जातो. ही शेवटची गोष्ट मुलांना घरीच दाखवून आणा, त्यांना ती फार आवडते.

दर्शन घेताना नाणं टाकून दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मनातलं बोलायचं, पुन्हा एकदा वाकायचं. ५ येनचं नाणं जवळ असू द्या. त्याचा उच्चार ‘गो-एन’, म्हणजे ऋणानुबंधही. चपला काढायच्या नाहीत, पण टोपी जरूर काढावी. नारळ, हार, उदबत्ती आणू नये. गाभाऱ्यासमोर फोटो नकोत. तिथे लोक खरोखर प्रार्थना करत असतात.

वाट खडीची आहे, बूट घालून या.