सत्तरीच्या भट्टीला परदेशी आकडा कशाला?

माननीय पर्यावरणमंत्री, गोवा राज्य, पणजी यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या हंगामात मी सत्तरी तालुक्यातल्या एका काजू फेणीच्या भट्टीवर वजनकाटा घेऊन बसायचो. भाणाखाली, म्हणजे रस उकळायच्या भांड्याखाली, जाणारी लाकडाची प्रत्येक मोळी तोलायची, ओली की सुकी ते बघायचं, वहीत टिपायचं. भट्टीवाले काका म्हणाले, "बाबा, फेणी मोजतात. लाकूड कसलं मोजतोस?"

बोंडू, म्हणजे काजूचं फळ, वेचण्यापासून फेणीची रिकामी बाटली कचऱ्यात जाईपर्यंत पर्यावरणावर किती भार पडतो, ते मला काढायचं होतं. यालाच जीवनचक्र मूल्यांकन म्हणतात. त्याचे नियम जगभर एकच आहेत, आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही आंतरराष्ट्रीय मानकं. पद्धत शिकलेली मुलं आपल्याकडे आहेत. अडतं ते आकड्यांपाशी. काच, डिझेल, जळण यांच्यामुळे किती प्रदूषण होतं याचे भारतातले खुले, भरवशाचे आकडे एका जागी मिळत नाहीत, म्हणून संशोधक स्वित्झर्लंडच्या इकोइन्व्हेंटसारख्या माहितीसंचाकडे वळतात. त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. एवढं करून मातीच्या चुलीतल्या ओल्या लाकडाच्या धुरासाठी मला परदेशी बॉयलरचा आकडा घ्यावा लागला. तो लिहिताना मला लाज वाटली, कारण खरी चूल मी डोळ्यांनी पाहिली होती.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उद्या परदेशी गिऱ्हाइकाने बाटलीमागच्या कार्बनचा हिशोब मागितला, तर उसन्या आकड्यांच्या चुकीची किंमत काकांसारखी माणसं मोजतील. इलेक्ट्रिक बसचंही तेच. गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते, त्यात मोठा वाटा कोळशावरच्या विजेचा. ती बस इथे किती स्वच्छ, हे परक्या देशाच्या विजेवरून कसं ठरवणार?

साहेब, बरेच आकडे तुमच्याच खात्यांत पडून आहेत. कचरागाड्यांच्या डिझेलच्या नोंदींसाठी मी एका कचेरीत तीनदा गेलो, तिन्ही वेळा "वरून पत्र आणा" हेच उत्तर मिळालं. ते पत्र तुम्ही काढा. वीज, कचरा, वाहतूक यांच्या नोंदी गोवा विद्यापीठात एकत्र ठेवून सर्वांना खुल्या करा. सरकारी पैशाने होणाऱ्या प्रत्येक अभ्यासाचे मूळ आकडेही तिथे जमा व्हावेत. भट्ट्यांवर मोजमाप करणाऱ्या दोन-चार मुलांना एका हंगामाचं मानधन द्या. धूर मोजायचं यंत्र माझ्यापाशी नाही, तेही लागेल.

फेब्रुवारीत बोंडू पिकू लागतात. त्याआधी निर्णय झाला, तर हा हंगाम हुकणार नाही. माझी वही मी पहिल्याच दिवशी जमा करीन.

आपला नम्र,
सत्तरीतला एक संशोधक विद्यार्थी